सात बिया आणि एक डोंगर

श्रीगोंदा तालुक्यातल्या लिंबाच्या बागा पाहत हिंडताना एका बागेपाशी आम्ही थबकलो. डिसेंबर महिना होता. शेजारच्या बागा हिरव्यागार होत्या, पण या बागेतली झाडे मलूल दिसत होती. पाने कोमेजलेली, आळी कोरडी, जमिनीला भेगा. विहिरीला पाणी नसेल असे आम्हाला वाटले. बागवानाने हसून सांगितले, "पाणी भरपूर आहे. मुद्दाम तोडलंय. ताण दिलाय, आंबिया बहार धरायचाय."

हे ऐकताच आम्हाला तेथून कितीतरी दूर असलेला डोंगर आठवला. कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या डोंगरात कॉफीच्या मळ्यांतून हिंडताना आम्ही अगदी हेच पाहिले होते. फरक एवढाच की तिथे पाणी तोडणारा माणूस नव्हता, ऋतू होता. कॉफीच्या फांद्यांवर पावसाळा संपता संपता कळ्या धरतात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत त्या निद्रिस्त राहतात. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एखादी चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत सारा डोंगर एकदम पांढऱ्या फुलांनी भरून जातो. मोगऱ्याची आठवण करून देणारा वास दरीभर पसरतो आणि दोन-तीन दिवसांत सगळे संपते. कळीला आधी कोरड सोसावी लागते, मगच पाण्याने ती जागी होते. ताण आणि मग पाणी, हे गणित श्रीगोंद्याच्या लिंबालाही लागू आहे आणि डोंगरातल्या कॉफीलाही.

कॉफी हे पीक श्रीगोंद्यात येत नाही. गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. कॉफीची अरेबिका जात साधारण हजार ते दीड हजार मीटर उंचीवर, दीड-दोन हजार मिलिमीटर पावसात आणि १५ ते २५ अंश तापमानात सुखी असते. तरीही या पिकाचा इतिहास आपल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी वाचावा असे आम्हाला वाटते. त्यात एक दंतकथा आहे आणि ती विज्ञानाच्या कसोटीला लावून पाहता येते. त्यात एक मोठी चूकही आहे, जी कोणत्याही पिकाच्या बाबतीत पुन्हा होऊ शकते.

दंतकथा

चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण डोंगररांगेला बाबाबुडनगिरी म्हणतात. बाबा बुडन हे सूफी सत्पुरुष. ते सतराव्या शतकात हजला गेले, येताना येमेनमधल्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया कमरेला बांधून लपवून आणल्या आणि आपल्या गुहेजवळ लावल्या, अशी कथा सांगतात. साल बहुधा १६७० दिले जाते. अरब व्यापारी कॉफीची उगवणारी बी देशाबाहेर जाऊ देत नसत. बिया उकळून किंवा भाजूनच विकत, असेही या कथेत येते.

आपल्याकडे सत्पुरुषांच्या अशा कथा ठायी ठायी आहेत. खुद्द श्रीगोंदा, म्हणजे जुने चांभारगोंदे, हे 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या शेख महंमदांचे गाव. सूफी परंपरेतल्या या मराठी संतकवीच्या समाधीला आजही हिंदू आणि मुसलमान दोघेही नमस्कार करतात. बाबाबुडनगिरीची गुहाही अशीच. कोणी तिला बाबांचा दर्गा म्हणतो, कोणी दत्तात्रेयांचे पीठ. अलीकडच्या दशकांत तिथल्या पूजेच्या हक्काचा वाद न्यायालयातही गेला, पण दोन्हीकडचे भाविक तिथे पिढ्यान् पिढ्या येत राहिले आहेत. सूफींचा आणि कॉफीचा संबंध तर पक्का ऐतिहासिक आहे. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या नामस्मरणात झोप येऊ नये म्हणून कॉफी पीत. तेथून ती मक्केत, कैरोत आणि इस्तंबूलमध्ये पोचली. १५११ मध्ये मक्केच्या अधिकाऱ्याने तिच्यावर बंदीही घातली होती. ती टिकली नाही.

आता या कथेचे काय करायचे? श्रद्धेने मान हलवायची की थट्टा करून सोडून द्यायची? आमच्या मते दोन्ही नको. वर्गात ती फळ्यावर लिहावी आणि तिच्यातल्या एकेका विधानाला प्रश्न विचारावा.

पहिला प्रश्न : बी जिवंत पोचली असती का? कॉफीची बी ज्वारी-बाजरीसारखी वर्षानुवर्षे टिकत नाही. ती फार वाळली की मरते आणि साध्या साठवणीत काही महिन्यांतच तिची उगवणशक्ती झपाट्याने उतरते. पण मोखाहून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतचा प्रवास शिडाच्या जहाजाने मोसमी वाऱ्यावर काही आठवड्यांचा असे. भाजलेली किंवा उकळलेली नसलेली, टरफलासह आणलेली बी एवढ्या काळात सहज जगते. म्हणजे हे विधान शक्य आहे.

दुसरा प्रश्न : सात बियांतून मळा उभा राहील का? इथे वनस्पतिशास्त्र फार मोलाची गोष्ट सांगते. अरेबिका कॉफीचे फूल स्वतःच्याच परागांनी फळते. त्यामुळे सातच काय, एक झाड जगले तरी पुढची बाग होऊ शकते. रोबस्टा ही कॉफीची दुसरी मुख्य जात असती तर हे जमले नसते, कारण तिला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. एकटे झाड फळ धरत नाही. बाबांनी आणली असेल ती अरेबिकाच, कारण येमेनमध्ये तीच होती. म्हणजे हेही शक्य.

तिसरा प्रश्न : याला दुसरीकडून काही पुरावा आहे का? सर टॉमस रो या इंग्रज वकिलासोबत जहांगीरच्या काळात भारतात आलेल्या एडवर्ड टेरी या पाद्र्याने इथले काही लोक कॉफी पितात असे लिहून ठेवले आहे. तो इथे आला १६१६ च्या सुमारास. म्हणजे पेय म्हणून कॉफी बाबांच्या कथेतल्या सालाच्या अर्धे शतक आधी भारतात पोचली होती. झाडाबद्दल सांगायचे तर, डच ईस्ट इंडिया कंपनीने १६९६ मध्ये मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपे जावा बेटावर नेली. ती पुरात गेली, म्हणून १६९९ मध्ये पुन्हा नेली आणि ती जगली. म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतात कॉफीचे झाड होते, याला कागदोपत्री आधार आहे.

एवढ्यावरून बाबांनीच बी आणली हे सिद्ध होत नाही. पण सतराव्या शतकात कोणीतरी जिवंत बी आणली आणि ती या डोंगरात रुजली, एवढे मात्र ठामपणे म्हणता येते. दंतकथा आणि इतिहास यांच्यात रेघ कुठे ओढायची हे मुलांना शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

एका झाडाची संतती

जावातल्या झाडांपासूनचे एक रोप १७०६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोचले. त्याच्या संततीतले एक रोप १७१४ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट मिळाले आणि काही वर्षांनी त्याच वंशातले रोप अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर गेले. दक्षिण अमेरिकेतल्या अफाट मळ्यांचा मोठा भाग अशा मोजक्या झाडांपासून वाढला आहे. भारतातून गेलेली काही रोपे जगभरच्या कॉफीची पूर्वज ठरली, ही अभिमानाची गोष्ट म्हणून सांगता येईल. पण तिची दुसरी बाजूही आहे.

अरेबिका ही मुळातच एका अपघाताची संतती. आफ्रिकेतल्या दोन वेगळ्या कॉफी जातींचा निसर्गात संकर झाला आणि ही ४४ गुणसूत्रांची जात जन्मली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही घटना सुमारे सहा लाख वर्षांपूर्वीची. म्हणजे पहिल्यापासूनच विविधता थोडी. त्यातली थोडीशी इथिओपियातून येमेनमध्ये आली, त्यातली मूठभर भारतात, त्यातली चार रोपे जावाला, त्यातले एक ॲमस्टरडॅमला. प्रत्येक पायरीवर चाळणी बारीक होत गेली. त्यात स्वपरागीभवन, म्हणून मुलगा बापासारखा आणि नातू मुलासारखा. लाखो झाडे, पण जणू एकाच घरातली.

याचा परिणाम काय होतो, हे श्रीलंकेने जगाला दाखवले.

तांबेरा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सिलोन, म्हणजे आजचा श्रीलंका, जगातल्या आघाडीच्या कॉफी उत्पादकांपैकी होता. कँडीच्या डोंगरांवरचे जंगल तोडून उताराच्या उतार कॉफीने भरले होते. १८७० च्या सुमारास वर्षाला पन्नास हजार टनांच्या आसपास कॉफी निर्यात होत असे. १८६९ मध्ये काही मळ्यांत पानांच्या मागच्या बाजूला नारिंगी भुकटीचे ठिपके दिसले. नमुना इंग्लंडला गेला. बर्कली आणि ब्रूम या बुरशीतज्ज्ञांनी तिचे नाव ठेवले हेमिलिया व्हास्टॅट्रिक्स. 'व्हास्टॅट्रिक्स' म्हणजे उजाड करणारी. गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्याच गटातली ही बुरशी. पाने गळतात, झाड पुन्हा पालवते, पुन्हा गळते आणि दोन-चार वर्षांत फळ धरेनासे होते.

मळेवाल्यांना सुरुवातीला हा हवामानाचा किंवा जमिनीचा दोष वाटला. १८८० मध्ये हॅरी मार्शल वॉर्ड हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ सिलोनला आला आणि दोन वर्षे तिथे राहिला. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर उडून येतात, ओल्या पानावर रुजतात आणि पर्णरंध्रांतून आत शिरतात, हे त्याने दाखवून दिले. रोगाचे कारण त्याने नेमके सांगितले. एकाच पिकाचे मैलोन् मैल अखंड पसरलेले मळे म्हणजे बीजाणूंना मोकळे रान, हेही त्याने बजावले. पण तोवर फार उशीर झाला होता. १८९० च्या सुमारास सिलोनची कॉफी निर्यात पूर्वीच्या एक दशांशाहूनही कमी झाली आणि त्या डोंगरांवर चहा लागला. सिलोनचा चहा जगप्रसिद्ध झाला तो कॉफीच्या राखेतून.

मळेवाले चहाकडे वळले. पण तामिळनाडूतून पायी चालत, वाटेत शेकडोंनी आजारी पडून मरत त्या डोंगरांवर गेलेले मजूर कुठे वळणार? मळे बुडाले तेव्हा कित्येकांची थकलेली मजुरीही बुडाली. पिकाच्या इतिहासात ही ओळ बहुधा गाळली जाते. ती गाळू नये.

सावली

तांबेरा भारतातही आला. मग म्हैसूर आणि कुर्ग इथली कॉफी कशी टिकली? याची कारणे अनेक आहेत. त्यातले एक आम्हाला मळ्यात पाऊल टाकताच दिसले. चिकमगळूर-कोडगूचा कॉफीचा मळा दुरून जंगलासारखाच दिसतो. वर शिसव, फणस, उंबर. त्यांच्या खाली पांगारा. त्याच्या खाली माणसाच्या उंचीची कॉफी आणि झाडांवर चढवलेले मिऱ्याचे वेल. भर दुपारी आत गेलो तरी ऊन चाळणीतून पडावे तसे पडते.

ही सावली काही सुरुवातीपासूनचे शहाणपण नव्हते. १८३० च्या सुमारास इंग्रज मळेवाले या डोंगरांत आले आणि पुढच्या तीस वर्षांत कुर्गमध्ये अनेकांनी झाडे साफ तोडून उघड्यावर कॉफी लावली. १८६० च्या दशकात खोडकिड्याने हाहाकार केला. हा पांढऱ्या पट्ट्यांचा भुंगेरा खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालतो. अळी आत शिरून लाकूड पोखरते. मद्रास सरकारने नेमलेल्या डॉ. जॉर्ज बिडी यांनी पाहणी केली. उघड्यावरच्या मळ्यांत किडा जास्त, सावलीतल्या मळ्यांत कमी, असे त्यांना आढळले. भुंगेऱ्याच्या मादीला तापलेले, उन्हातले खोड आवडते. सावली परत आली ती या धड्यानंतर. मिश्र झाडांच्या मळ्यात वारा मंदावतो, माती धरून राहते, पक्षी आणि मधमाश्या राहतात. सावलीत ओल टिकते आणि बुरशीला ओल आवडते, ही त्यातली अडचणही आहेच. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वरच्या फांद्या छाटून सावली विरळ करतात. किती सावली ठेवायची, याचा अंदाज हा मळ्यातल्या जुन्या माणसांचा अभ्यास असतो.

दुसरी लढाई जातींची. म्हैसूरची जुनी 'चिक' कॉफी रोगाने गेली. तिच्या जागी आलेली 'कुर्ग' जातही टिकली नाही. १९११ मध्ये केंट नावाच्या मळेवाल्याला आपल्या मळ्यात एक निरोगी झाड दिसले. त्याच्या बियांपासून 'केंट' जात पसरली. काही वर्षे तांबेरा हरला असे वाटले. मग केंटवरही ठिपके दिसू लागले. म्हैसूर सरकारने १९२५ मध्ये चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला कॉफी संशोधन केंद्र काढले. तिथे विल्सन मेन यांनी १९३० च्या दशकात उलगडा केला : तांबेऱ्याची बुरशी एकच नाही, तिचे अनेक वंश आहेत. एका वंशाला दाद न देणारे झाड दुसऱ्याला बळी पडते. म्हणजे शेतकरी जात बदलतो, तशी बुरशीही बदलते. पुढे याच केंद्रात एस. ७९५ ही जात तयार झाली. तिच्यात केंटबरोबरच लायबेरिका या वेगळ्या कॉफी जातीचे रक्त आहे. चाळणीत गळून गेलेली विविधता बाहेरून परत आणावी लागली, असा याचा अर्थ. एस. ७९५ ही जात आजही भारतात लागवडीत आहे. पण तिच्यावरही तांबेरा दिसतो.

आज भारतात वर्षाला साडेतीन लाख टनांच्या आसपास कॉफी होते. त्यातली बहुतांश कर्नाटकात, आणि एकूण उत्पादनात सुमारे सत्तर टक्के वाटा रोगाला जास्त दाद न देणाऱ्या रोबस्टाचा. महाराष्ट्रात कॉफी पाहायची असेल तर मेळघाटात चिखलदऱ्याला जावे. गाविलगडच्या डोंगरात सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या या गावात इंग्रजी अमदानीपासून कॉफी आहे. प्रमाण थोडे आहे, पण उंची आणि पाऊस जुळले की हे झाड सातपुड्यातही कसे तग धरते ते तिथे दिसते. विदर्भातल्या शाळांनी सहल काढताना थंड हवा आणि पंचबोल दरीबरोबर ही झाडेही मुलांना दाखवावीत.

परत श्रीगोंद्यात

आता त्या ताण दिलेल्या बागेत परत येऊ. कागदी लिंबाच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन रोपे उगवतात. त्यातली बहुतेक परागीभवनातून नव्हे, तर आईच्याच ऊतीपासून बनतात. म्हणजे रोप हुबेहूब आईसारखे. बागवानाला हे सोयीचे असते, कारण चांगल्या झाडाची बी लावली की तसेच झाड मिळते. पण अरेबिकाची जी सोय होती, तीच ही सोय आहे. आणि सिलोनची जी जोखीम होती, तीच ही जोखीम आहे. कागदी लिंबावर खैऱ्या पडतो तेव्हा शेजारच्या बागेतही तो तेवढ्याच जोमाने पसरतो. जिल्ह्यातल्याच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'साई शरबती' ही खैऱ्याला कमी बळी पडणारी जात दिली, हे बाळेहोन्नूरसारखेच काम आहे. पण एका नव्या जातीवर सगळी भिस्त ठेवायची नसते, हे केंटच्या गोष्टीतून आपण पाहिले. बांधावर एखादे जुने, वेगळे लिंबाचे झाड असेल तर ते तोडण्यापूर्वी दहादा विचार करावा, एवढे तरी मुलांनी घरी जाऊन सांगावे.

आणखी एक साम्य सांगितल्याशिवाय आम्हाला थांबता येत नाही. कॉफीची तोडणी नोव्हेंबरपासून चालते. पिकलेली लाल फळे हाताने निवडून तोडावी लागतात. त्या काळात मळे माणसांनी भरतात. एका मुक्कामी मळ्याच्या कामगार चाळीत आम्ही संध्याकाळी बसलो होतो. आसाम आणि झारखंडहून आलेली कुटुंबे होती. एक सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. शाळेचे विचारले तर म्हणाली, गावाला आहे. हेच उत्तर आम्ही आधी श्रीगोंद्यात ऐकले होते, साखर कारखान्याच्या गळीत हंगामात, बीड-पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोडणी कामगारांच्या कोपीसमोर. तेच महिने, तेच वय, कडेवर तसेच पोर.

१९५१ च्या मळेकामगार कायद्याने चहा-कॉफीच्या मळेवाल्यांवर कामगारांसाठी घरे, पाळणाघरे आणि मुलांच्या शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी टाकली. तिची अंमलबजावणी सगळीकडे सारखी झाली नाही, पण निदान कागदावर जबाबदारी कोणाची ते ठरले. दर हंगामाला जागा बदलणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या मुलाची जबाबदारी मात्र गावची शाळा, कारखान्याच्या परिसरातली शाळा आणि मुकादम यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळत राहते. अशी दोन मुले तुमच्या शाळेच्या पटावर नसतील, पण शाळेच्या कुंपणाशी उभी असतील. त्यांना आत बोलावून बसवायला परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

वर्गात करून पाहण्याजोग्या गोष्टीही यातून निघतात. लिंबाची दहा बिया कुंडीत लावा आणि एका बीतून किती रोपे उगवतात ते मोजा. गावातल्या बागवानाला बोलावून ताण कधी देतात, किती दिवस देतात आणि का देतात ते विचारा. उत्तर वहीत लिहून घ्या. ओल्या सकाळी कोणत्याही झाडाच्या पानाची मागची बाजू भिंगातून पाहा. नारिंगी, तपकिरी किंवा पांढरे ठिपके सापडले तर मार्शल वॉर्डने जे प्रश्न विचारले तेच विचारा : हे कोठून आले, कशावर आले, पान कोरडे असते तर आले असते का?

निघताना त्या बागवानाला आम्ही कॉफीच्या फुलांबद्दल सांगितले. कोरड सोसल्याशिवाय तीही उमलत नाहीत, म्हणालो. त्याने एक कोमेजलेले पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाला, "ताण द्यायचा, पण झाड मरू द्यायचं नाही. तेवढं कळलं की बाग कळली." जानेवारीत त्याने पाणी सोडले.